जांभळ्या कोंबड्यांचा वॉर्ड

आईने सरकारी हॉस्पिटलात नर्स म्हणून सगळी नोकरी काढली. शेवटची बरीच वर्षं ती वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होती. निवृत्त झाली तेव्हा मला वाटलं, आता ही जरा बसेल. ती बसली नाही. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे तिच्या ताब्यात एकच पेशंट उरला, तो म्हणजे मी. खराडीच्या ऑफिसातून घरी आले की चपला काढायच्या आत माझा रक्तदाब मोजला जाई. अंथरुणावरच्या चादरीचे कोपरे तिने इतके घट्ट खोचलेले असत, की झोपायला आत शिरायचं म्हणजे पाकिटात पत्र घालावं तसं स्वतःला सरकवावं लागे. म्हणून शेजारच्या आबांनी तिला पाच कोंबड्या आणून दिल्या तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला.

आबा आमच्या मांजरी गावचे जुने रहिवासी. आमची रो-हाउसची ओळ त्यांच्या उसाच्या रानावर उभी आहे आणि समोरचा उंच टॉवरही त्यांच्याच रानावर. राहिलेल्या तुकड्यात ते अजून ऊस लावतात आणि आम्हा सगळ्यांना मुक्काम लांबलेले पाहुणे समजतात. त्यांच्या पायाला चिघळलेली जखम होती. आईने रोज जाऊन ड्रेसिंग करून ती बरी केली. ती काही घेईना, म्हणून त्यांनी कोंबड्या आणल्या.

"सिस्टर, गावरान हाय. ह्यांना काय लागत न्हाय. सोडल्या की आपापल्या हिंडत्यात."

हिंडायला आमच्या मागच्या परसात शहाबादी फरशी होती, एका कडेला कढीपत्ता होता आणि कधीच फळ न धरणारी एक पपई. आईने सुताराकडून जाळीचं खुराडं करून घेतलं. मी नावं सुचवायला लागले तर ती म्हणाली, "नावं नकोत. नाव दिलं की माणूस लाड करतो." मग वॉर्डातल्या खाटांसारखे नंबर ठरले. एक नंबर तांबडी, दांडगी आणि आरडाओरडा करणारी. दोन नंबर काळी. तीन नंबर ठिपक्यांची, अंगाने किरकोळ. चार नंबर राखाडी, जिच्याबद्दल मला आजही काही सांगता येणार नाही. आणि पाच नंबर पांढरी, शांत, आई दुपारी पायरीवर बसली की तिच्या पायाशी येऊन बसणारी.

रोज सकाळी आईचा राउंड व्हायचा. नंतर मी पोहे खात असताना ती मला अहवाल द्यायची. "दोन नंबर जरा मलूल वाटते. चार नंबरची शी पातळ आहे, हिरवट."

"आई, मी खातेय."

"तू खा. मी तुला कुठे काही करायला सांगतेय?"

पहिले काही आठवडे बरे गेले. अंडी मिळाली. मग अंडी मिळेनाशी झाली आणि खुराड्यात नुसती टरफलं आणि ओला पेंढा दिसायला लागला. आईला मुंगसाचा संशय आला. ती दाराआड उभी राहून पाहत राहिली, आणि आत आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता.

"काळी फोडते," ती म्हणाली. "स्वतःचं अंडं. आणि बाकीच्या लग्नाच्या पंगतीला यावं तशा जमतात."

आबांना विचारलं तर त्यांच्याकडे उपाय तयार होता. "अंड्याला भोक पाडायचं, आतला माल काढून टाकायचा आन् ठेचा भरायचा. एकदा तोंड भाजलं की जन्मात अंड्याकडं बघायची न्हाय."

ठेचाही त्यांनीच घरून आणला. त्यांच्या घरचा ठेचा असा, की वाटीवरचं झाकण काढलं तरी मला ठसका लागला. आईने तो मिक्सरला फिरवून पातळ केला, मोठ्या सिरिंजमध्ये भरला आणि पोकळ अंड्यात सोडला. वरून चिकटपट्टी लावली. इतकं व्यवस्थित काम झालं होतं की ते अंडं टोचायला कोंबडीने आधी परवानगी घ्यावी असं वाटत होतं.

दोन नंबर आली. तिने अंडं फोडलं. एक घास घेतला, मान वर करून थोडा विचार केला, आणि सगळा ठेचा संपवला. बाकीच्याही आल्या. टरफल चाटूनपुसून साफ झालं. मग पाचही जणींनी माना वळवून आमच्याकडे पाहिलं.

"अजून मागतायत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून काळी आमच्या जेवणाच्या वेळेला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायला लागली.

हडपसरच्या बाजूला जनावरांचा एक दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टर वयाने लहान, बहुतेक कुत्री-मांजरीच बघणाऱ्या. पण आईने केस इतक्या गंभीरपणे मांडली की त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. "मॅडम, पक्ष्यांना तिखट लागतच नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांना चटणी दिलीत. अंडं घातल्याबरोबर उचला, शिंपल्यांचा चुरा द्या, आणि खोटं अंडं ठेवून बघा. टणक लागलं की सवय सुटते."

खोटं अंडं विकत मिळतं की नाही ते आईने विचारलंच नाही. हाडांच्या वॉर्डात तिने काही वर्षं काढली होती. तिने प्लास्टर ऑफ पॅरिस आणलं आणि दुपारभर बसून अर्धा डझन अंडी वळली. घासून गुळगुळीत केली. ती खऱ्या अंड्यांपेक्षा जास्त अंड्यासारखी दिसत होती. काळीने पहिल्या अंड्याला चोच मारली, टक्क आवाज आला, तिने डोकं झटकलं. पुन्हा मारली. मग ती बाजूला जाऊन बराच वेळ पपईकडे बघत उभी राहिली. चार-दोन दिवसांत खरी अंडी पुन्हा मिळायला लागली, आणि आईने आनंदाने आबांच्या घरी एक वाडगाभर पाठवली.

संध्याकाळी आबा फाटकाशी आले.

"सिस्टर, त्यातलं एक अंडं उकडून उकडून पातेल्यातलं पाणी आटलं. सोलंना."

आईच्या लक्षात आलं. "सोलणार नाही, आबा. ते प्लास्टर आहे."

आबांनी टोपी मागे सरकवली. "मंग आमी बत्ता घातला त्यो..."

"फुटलं?"

"न्हाय. वट्याची फरशी फुटली."

हे सगळं निस्तरेपर्यंत मे उजाडला. फरशी तव्यासारखी तापायची, कोंबड्या कढीपत्त्याच्या बोटभर सावलीत दाटीवाटीने उभ्या राहायच्या. एका सकाळी आईला तीन नंबरच्या, म्हणजे ठिपक्यांच्या कोंबडीच्या शेपटीच्या बुडाशी पिसं नसलेला तुकडा दिसला. लाल, ओलसर. कोणीतरी टोचून टोचून पिसं उपटत होतं.

"रक्त दिसलं की सगळ्याच टोचायला लागतील," आई म्हणाली. "आधी सुरू कोण करतंय ते बघायला हवं." पण बघायची तिला फारशी गरज वाटली नाही. तिचा संशय तांबडीवर होता. तांबडी दाण्यावर पहिली तुटून पडायची, दुसऱ्यांना धक्के द्यायची, उगाच ओरडायची. "लक्षणं सरळ दिसतायत," म्हणत आईने तिला उचललं आणि खालच्या बाथरूममध्ये बंद केलं.

आमच्या घरात वापरतं बाथरूम तेच. त्यामुळे कित्येक दिवस मी तांबडीच्या देखत आंघोळ केली. ती उलट्या बादलीवर बसायची आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघायची. मी म्हटलं, तोंड तरी फिरव. तिने दुसरा डोळा माझ्याकडे केला. पाण्याचे शिंतोडे उडाले की असा आवाज काढायची, की शेजारच्या घरातून मला दोनदा विचारलं गेलं, सगळं ठीक आहे ना.

इकडे तांबडी कोंडलेली आणि तिकडे तीन नंबरची जखम वाढतच होती. आईचं म्हणणं, हे आधीचंच दुखणं आहे, उतरायला वेळ लागतो. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी जांभळं औषध लावायला सांगितलं, पूर्वी घसा दुखला की लावत तेच. जखम भरते आणि मुख्य म्हणजे लाल रंग झाकला जातो, मग बाकीच्यांचं लक्ष जात नाही.

आईचा हात औषधाच्या बाबतीत सढळ. जखम वाटाण्याएवढी होती, औषध कोंबडीएवढं लागलं. तीन नंबर मानेपासून शेपटीपर्यंत जांभळी झाली आणि परसात सोडल्याबरोबर बाकीच्या तिघी तिच्याभोवती जमल्या. आता ती आणखी उठून दिसत होती. आता तिला आणखी टोचायला लागल्या.

त्या दिवशी जेवताना आईचं लक्ष परसाच्या दाराकडे होतं. मग भाताचा घास हातातच ठेवून म्हणाली, "ती वेगळी दिसते म्हणून टोचतात."

"बरं मग?"

"मग सगळ्या सारख्या करायच्या."

मी हसले. ती हसली नाही. "माझ्या वॉर्डात सगळ्या खाटांवर एकाच रंगाची चादर असायची," ती म्हणाली, आणि घास तोंडात घातला.

रविवारी तांबडीला डिस्चार्ज मिळाला आणि रंगकाम झालं. मी एकेक कोंबडी पकडून धरायची, आई कापसाने रंगवायची. काळीवर रंग चढेना, तर तिला दोन हात दिले. पांढरी मात्र फार सुरेख रंगली. तिने त्रासही दिला नाही, उलट पंख उचलून धरला. "बघ किती शहाणी आहे," आई म्हणाली. शेवटी पाच जांभळ्या कोंबड्या आणि दोन जांभळ्या बायका परसात उभ्या होत्या.

सोमवारी मी मनगटापर्यंत जांभळे हात आणि एक जांभळा कान घेऊन ऑफिसला गेले. मॅनेजरने माझ्या दहाही बोटांकडे पाहून विचारलं, "दहा वेळा मतदान केलं का?" मी म्हटलं, "कोंबड्यांना औषध लावलं." त्याला ते जास्त खोटं वाटलं.

खरी गंमत समोरच्या टॉवरमध्ये झाली. वरच्या मजल्यांवरून आमचं परस दिसतं. गॅलऱ्यांमध्ये माणसं दिसायला लागली, हातात फोन. मग एक दिवस तिथली एक बाई सकाळी पळून झाल्यावर पाण्याची बाटली घेऊन फाटकाशी आली.

"काकू, ही कुठली ब्रीड आहे? इतकी युनिक दिसते!"

आई दाणे टाकत होती. मागे न बघता म्हणाली, "गावरानच. जांभळं खातात."

"ओह वॉव. मग एग्ज पण पर्पल असतात का?"

"आतून."

मला वाटलं, विषय संपला. पुण्यात याला नाही म्हणणं म्हणतात. पण त्या बाई बहुधा बाहेरगावच्या असाव्यात, कारण दुसऱ्या दिवशी त्या खरोखर पिशवीभर जांभळं घेऊन आल्या. आता परत काय पाठवायची, म्हणून आईने ती कोंबड्यांना घातली. कोंबड्यांनी त्यांचा फडशा पाडला, आणि संध्याकाळपर्यंत परसभर जांभळी शी झाली. बाईंनी त्या शीचे फोटो काढले. टॉवरच्या ग्रुपवर म्हणे लिहिलं, की आपल्या समोरच एक काकू पूर्णपणे नैसर्गिक पद्धतीने जांभळ्या कोंबड्या तयार करतात. त्यानंतर जांभळांच्या पिशव्या रोज यायला लागल्या. आम्हीही खाल्ली. गोड होती.

आबा गावाला गेले होते. ते परतले आणि परसाच्या भिंतीवरून डोकावले.

"सिस्टर, माज्या कोंबड्या कुटं गेल्या?"

"ह्याच आहेत, आबा."

आबांनी भिंतीला धरून बराच वेळ पाहिलं. मग आत येऊन पायरीवर बसले आणि पाणी मागितलं. आईने सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "कोंबडी हाय ती, टोचणारच. एक कापा. बाकीच्या सुधरत्यात."

"तुमचा पाय चिघळला होता तेव्हा मी कापा म्हटलं नव्हतं," आई म्हणाली.

आबांनी आपल्या पायाकडे पाहिलं. पाणी पिऊन ते उठले आणि त्यानंतर त्यांनी आम्हाला कोंबड्यांबद्दल एकही सल्ला दिला नाही.

टोचणं मात्र थांबलं नव्हतं. तीन नंबरच्या जखमेवर आई रोज सकाळी ताजं औषध लावायची, बाकीच्यांचा रंग आता वाळून अंगात मुरला होता. एका दुपारी ती नेहमीप्रमाणे पायरीवर बसली, पांढरी, म्हणजे आता अर्थातच जांभळी, पाच नंबर नेहमीप्रमाणे तिच्या पायाशी आली. आईने तिची मान कुरवाळली आणि हात थांबवला. पाच नंबरची चोच औषधाने ओली होती. ताजी जांभळी. चोचीच्या कोपऱ्यात रंगाखालून ठिपके दिसणारं एक बारीक पीस अडकलेलं होतं.

मी घरूनच काम करत होते. आईने हाक मारली तसा तिचा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. खाली गेले तर ती कापसाने कोंबडीची चोच पुसत होती आणि कोंबडी डोळे मिटून पुसून घेत होती.

"ही?" मी म्हटलं.

"ही." कापूस खाली ठेवत आई म्हणाली, "सगळी नोकरी गोड बोलणारी माणसं ओळखण्यात गेली. आणि मला कोंबडीने फसवलं."

तांबडी पपईखाली उभी होती. आई आत गेली, पोळी दुधात कुस्करून घेऊन आली आणि वाटी तिच्यासमोर ठेवली. बाकी कोणाला जवळ येऊ दिलं नाही. तांबडीने ओरडत ओरडत खाल्लं. तिला यातलं काही कळलं असेल असं वाटत नाही, पण आई वाटी रिकामी होईपर्यंत तिच्यासमोर उकिडवी बसून राहिली.

डॉक्टर म्हणाल्या, टोचणारीला काही दिवस दुसऱ्यांच्या नजरेआड ठेवा, आवाजही ऐकू येता कामा नये. तेवढ्या दिवसांत बाकीच्या आपापसात वरखालची पायरी ठरवतात, मग ही परत गेली की नवी म्हणून जाते, शेवटच्या पायरीवर. आणि उगाच रंग लावत बसू नका, त्यांना गरमी होतेय, जागा कमी पडतेय आणि दिवसभर करायला काही नाही. त्याचं बघा.

बाथरूम परसाला लागून, तिथे आवाज जाणार. उरली वरच्या मजल्यावरची माझी खोली. मी विरोध केला. आई म्हणाली, "तुला काम करतानाही कोणाची तरी सोबत हवीच असते."

पाच नंबरने माझ्या खोलीत फार शिस्तीने दिवस काढले. वर्तमानपत्रावरच शी करायची. मी बसले की पायावर येऊन बसायची, ऊबदार आणि जड. टोचायला कोणी नसलं की ती खरोखरच चांगली होती. मलाच टोचेल म्हणून मी पहिल्या दिवशी मोजे घातले होते, तेही काढले.

अडचण एकदाच झाली. परदेशातल्या क्लायंटशी मीटिंग चालू होती, मी स्क्रीन दाखवत होते, आणि ती माझ्या मागे खुर्चीच्या पाठीवर चढून माझ्या खांद्यावरून बघायला लागली. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, बॅकग्राउंड छान आहे, फक्त कोंबडीचा रंग पटत नाही. मॅनेजरचा मेसेज आला, कॅमेरा बंद कर. मी माउसकडे हात नेईपर्यंत ती टेबलावर उतरली आणि कीबोर्डवर चोच मारली. मी आधी लिहून अर्धवट ठेवलेला मेल गेला. त्यात एवढंच होतं: "आपल्या सूचनांचा विचार करता आम्हाला असं वाटतं की..." थोड्या वेळात उत्तर आलं: मान्य आहे. ते काम त्यानंतर महिनाभर बिनबोभाट चाललं.

खाली आईने परस उसकटलं. अर्ध्या फरश्या काढल्या. आबांनी न बोलता ट्रॉलीभर माती आणि चुलीतली राख आणून टाकली आणि न बोलताच गेले. वर हिरवी जाळी बांधली, दोरीला कोबीचा गड्डा टांगला. कोंबड्या दिवसभर उड्या मारून कोबी तोडायच्या, मग धुळीत लोळायच्या. दाण्यात शेंगदाण्याची पेंड आली. तीन नंबरच्या पाठीवर नवी पिसं फुटली, आधी काट्यांसारखी, मग खरोखर ठिपक्यांची. बाकीच्यांचा रंग उडत उडत फिका पडला. टॉवरमधल्या बाईंनी काळजीने विचारलं, "काकू, कलर कमी का होतोय?" आई म्हणाली, "जांभळं संपली ना बाजारातली." बाईंनी मान हलवली. त्यांना पटलं होतं.

मग एका संध्याकाळी, दिवेलागणीला, आईने पाच नंबरला खाली आणून परसात सोडलं. मी दारात उभी होते. त्यासाठी मी ऑफिसातून लवकर निघाले होते, कारण मात्र तिथे कोणाला सांगितलेलं नाही. पाच नंबर सवयीने सरळ दाण्याच्या भांड्याकडे चालत गेली. तांबडी समोर येऊन उभी राहिली. काळी आणि राखाडी मागे. आणि मग बाजूने ती किरकोळ ठिपक्यांची कोंबडी आली, आणि तिने पाच नंबरच्या डोक्यावर एकच टोच मारली. फार जोरात नाही.

पाच नंबर जागच्या जागी थांबली. मग दोन पावलं मागे सरली आणि इतरांचं खाऊन होईपर्यंत भिंतीशी उभी राहिली.

"झालं," आई म्हणाली. पण ती आत गेली नाही. शेवटी पाच नंबर भांड्याशी आली तेव्हा तळाला थोडेच दाणे उरले होते. आईची मूठ भरलेली मला दिसत होती. ती मूठ बराच वेळ तशीच राहिली. मग तिने ते दाणे पुन्हा डब्यात टाकले, आणि मला म्हणाली, "तिचं वजन उद्यापासून रोज करायचं. कमी झालं तर बघू."

वजन कमी झालं नाही. आता पिसं सगळ्यांची धड आहेत. पाच नंबर अधूनमधून ठिपक्यांच्या कोंबडीच्या मागे जाऊन उभी राहते, मान किंचित पुढे काढते, तेवढ्यात तांबडी ओरडते, आणि पाच नंबर कढीपत्त्याची पानं तपासायला लागते. आई पायरीवरून हे बघते. दुपारी पाच नंबर पायाशी येऊन बसली तर तिला हाकलत नाही, पण कुरवाळायच्या आधी चोच उघडून बघते.